पाचवी ते आठवीच्या मुलांचं इंग्रजी वाचन-लेखन तपासायचं कसं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय. गेटवर भेटणारे पालक आणि स्टाफरूममधे नवीन आलेले सर-बाई सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

पाचवी ते आठवीच का? दहावीचं तपासा ना, बोर्ड तिथे आहे.

दहावीला कळून उपयोग काय, तोवर वेळ गेलेली असते. आपल्याकडे बऱ्याच माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे जूनमधे एका वर्गात सात-आठ प्राथमिक शाळांमधून आलेली मुलं बसतात आणि प्रत्येकाचं इंग्रजी वेगळ्या जागी असतं. आमच्या वेळी ए बी सी डी पाचवीत सुरू व्हायची, म्हणजे सगळेच शून्यावर, बाईंना कुणाला कुठून शिकवायचं हा प्रश्नच नव्हता. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे पाचवीचं पुस्तक असं धरून चालतं की मुलगा चार वर्षं इंग्रजी शिकून आलाय. काही मुलं खरंच शिकून आलेली असतात, काहींना अजून बी आणि डी मधे गोंधळ असतो. हे आपण जूनमधे बघितलं नाही तर पुस्तक पुढे जातं आणि मूल तिथेच राहतं, आणि आठवीपर्यंत ते मूल इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसायला शिकतं. ते एकदा शिकलं की बाहेर काढणं फार अवघड आहे हो.

माझ्या मुलीला इंग्रजीत ७८ मार्क आहेत पण साधी पाटी वाचता येत नाही. असं कसं होतं?

अगदी नेहमी होतं, आणि तुमची मुलगी खोटं काही करत नाहीये. पेपरात धडे पुस्तकातले, प्रश्न गाईडमधले, निबंध पाठ केलेला. म्हणजे पेपर तिची मेहनत आणि पाठांतर तपासतो, वाचन तपासतच नाही.

एक प्रसंग सांगते. सहावीतली एक मुलगी धडा इतका सुंदर वाचायची की मी तिला नेहमी पहिली उभी करायचे. एकदा सहज तिचं पुस्तक हातात घेतलं तर प्रत्येक ओळीच्या वर बारीक पेन्सिलीने देवनागरीत सगळं लिहिलेलं, 'वन्स देअर वॉज अ' असं, अख्खं पुस्तक, घरी मोठ्या भावाकडून करून घेतलेलं. ती इंग्रजी नाही, मराठी लिपी वाचत होती! दुसऱ्या दिवशी त्याच धड्यातली पाच वाक्यं क्रम बदलून कोऱ्या कागदावर लिहून दिली आणि ती तिसऱ्या शब्दाला थांबली. रडली नाही, फक्त म्हणाली, "बाई, हे वाचायचं कसं ते कुणी सांगितलंच नाही." तेव्हापासून पुस्तकातल्या धड्यावर मी वाचनाची चाचणी घेत नाही. एकदाही नाही.

मग वाचन तपासायचं कसं?

मुलाला शेजारी बसवायचं, समोर नाही, शेजारी. त्याने न पाहिलेला साधारण १०० शब्दांचा उतारा त्याच्या हातात द्यायचा आणि तोच उतारा आपल्याकडे कागदावर ठेवायचा. आधी सांगायचं की मार्क नाहीयेत, अडलं तर मी सांगेन, आणि वाचून झाल्यावर गोष्टीबद्दल गप्पा मारू. मग तो वाचतो आणि आपण आपल्या कागदावर खुणा करतो. बरोबर शब्दावर काही करायचं नाही. चुकला तर त्या शब्दाच्या वर तो जे म्हणाला ते जसंच्या तसं देवनागरीत लिहायचं. शब्द गाळला तर गोल. स्वतःहून मागे येऊन दुरुस्त केला तर तारा, आणि ती चूक धरायची नाही, कारण आपली चूक आपल्याला कळणं हे चांगल्या वाचकाचं लक्षण आहे. तीन-चार सेकंद अडला तर शब्द सांगून टाकायचा, ताटकळत ठेवायचं नाही.

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी अशा नोंदींची पद्धत बसवली, आपण आपल्या सोयीने ती वापरतो. पण आपल्याला एक फायदा आहे, देवनागरी उच्चारासारखी लिहिली जाते त्यामुळे मुलाच्या तोंडून जे आलं ते नेमकं पकडता येतं. आणि चूक कोणत्या जातीची आहे ते लगेच दिसतं. 'नाइट' हा शब्द एकाने 'निग्ट' वाचला, म्हणजे तो प्रत्येक अक्षराचा आवाज जोडतोय, त्याची पद्धत बरोबर आहे, फक्त जी-एच मुका असतो हे त्याला माहीत नाही. 'कम' ला 'कोमे' म्हणणारा पण तसाच. पण 'हाउस' ला 'हॉर्स' म्हणणारा वेगळा आहे, तो पहिलं अक्षर बघून अंदाज मारतोय. 'वॉज' चं 'सॉ' करणारा शब्द उलट्या दिशेने उचलतोय. चारही जणांची पेपरात एकच चूक मोजली जाईल, पण चौघांना उद्या वेगवेगळं शिकवायचंय.

ज्याला उतारा झेपतच नाही त्याला तिथेच थांबवा, सगळा वाचायला लावू नका. त्याला सुटी अक्षरं द्या, आधी मोठी, मग छोटी, मग 'कॅट', 'पेन', 'सन' असे तीन अक्षरी शब्द. आणि मग तीन-चार बनावट शब्द, ज्यांना अर्थच नाही, 'झिप' ऐवजी 'झिब', 'मॅट' ऐवजी 'मॅफ' असे. खरा शब्द पाठ असू शकतो, बनावट शब्द पाठ असूच शकत नाही, तो जोडूनच वाचावा लागतो. मुलांना हा खेळ वाटतो आणि आपल्याला खरं काय ते कळतं.

उतारा कुठून घ्यायचा?

स्वतः लिहा. पाचवीच्या मुलासाठी तिसरी-चौथीच्या पातळीचे शब्द, छोटी वाक्यं आणि विषय त्याच्या ओळखीचा, एसटी चुकली, पावसात छत्री उडाली, शेजारच्यांची मांजर घरात आली. बर्फात खेळणाऱ्या मुलांचा उतारा दिला तर मुलगा इंग्रजीला अडला की बर्फाला अडला हे कळत नाही. तीन उतारे तयार ठेवा, सोपा, मधला, जरा अवघड. एका तुकडीत एकच उतारा फिरवला तर मधल्या सुट्टीत सगळ्यांना पाठ झालेला असतो, हा अनुभव आहे.

मिनिटाला किती शब्द वाचले म्हणजे चांगलं?

वेगाच्या मागे फार लागू नका. इंटरनेटवर जे तक्ते मिळतात ते इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जाते त्या मुलांचे असतात, ते आपल्या मुलांना लावणं अन्याय आहे. मी आधी अचूकता बघते. १०० पैकी ९५ किंवा जास्त शब्द बरोबर, तर हा उतारा तो एकटा वाचू शकतो. ९० ते ९४, तर शिकवायला हाच योग्य उतारा. ९० च्या खाली, तर हा त्याच्यासाठी अवघड आहे, खाली या. वेगाचं इतकंच, की १०० शब्दांना अडीच-तीन मिनिटं लागत असतील तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, मग अर्थ कुठून लागणार.

आमचा मुलगा धडाधड वाचतो, पण काय वाचलं विचारलं की गप्प.

ही दुसरी बाजू, आणि खरं तर ही मुलं जास्त निसटतात, कारण ऐकायला छान वाटतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मधे एक साधी मांडणी केली, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. पेन्सिलवाल्या मुलीचं पहिलं शून्याजवळ होतं, तुमच्या मुलाचं दुसरं कमी आहे, त्याला शब्दच माहीत नाहीत. त्याला अजून मोठ्याने वाचायला लावून काही होणार नाही, त्याच्याशी सोपं इंग्रजी बोला, गोष्टी ऐकवा, शब्द वाढवा.

हे एकट्यादुकट्याचं नाही. प्रथम संस्थेच्या असर अहवालात मुलांच्या घरी जाऊन वाचन तपासतात. २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या २४.५ टक्के आणि आठवीच्या ४६.७ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता आली. म्हणजे आठवीतली निम्म्याहून जास्त मुलं अडतात. आणि २०२३ मधे १४ ते १८ वयाची मुलं तपासली, त्यात ५७.३ टक्के मुलांनी वाक्यं वाचली, पण वाचणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनाच अर्थ सांगता आला.

अर्थ मराठीत सांगितला तर चालेल?

चालेल, मी तर म्हणते मराठीतच विचारा. तुम्ही वाचन तपासताय, बोलणं नाही. समजलेलं असूनही इंग्रजीत मांडता आलं नाही म्हणून शून्य द्यायचं हे मला कधीच पटलेलं नाही. फक्त प्रश्न असे विचारा की शब्द उचलून उत्तर देता येणार नाही. 'मांजर कुठे बसली' याचं उत्तर अर्थ न कळता पण त्या ओळीवर बोट ठेवून मिळतं, 'आजी का रागावली असेल' याला गोष्ट समजायलाच लागते.

लेखनाची चाचणी म्हणजे निबंधच ना?

पाठ होऊ शकतो असा निबंध नको. 'माय फेवरेट फेस्टिव्हल' दिलात तर दिवाळी दिव्यांचा सण आहे हेच वाक्य चौदा वह्यांमधे एकाच स्वल्पविरामासकट सापडतं. मी विचारते, काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत घरी काय झालं ते लिहा. वेळ पंधरा मिनिटं, शब्द अडला तर देवनागरीत लिहा पण थांबू नका.

सातवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, सगळं इंग्रजीत, मी इथे उच्चार देते: "येस्टरडे माय गोट डिलिव्हरी. टू बेबी. वन ब्लॅक वन व्हाइट. आय नो स्लीप. मदर से स्लीप स्लीप. आय सी बेबी." आता हे लाल पेनने तपासलं तर एकही वाक्य धड नाही, दहापैकी दोन. पण नीट वाचा. काय झालं ते कळतं, क्रम बरोबर आहे, शेळी व्याली, दोन करडं झाली, रंग कोणता, आई झोप म्हणतेय आणि हा जागा राहून करडांकडे बघतोय. या मुलाला सांगायला काहीतरी आहे आणि तो इंग्रजीत सांगायचा प्रयत्न करतोय, दिवाळीवाल्या चौदा जणांपेक्षा हा पुढे आहे. त्याला क्रियापदं हवीयत, बाकी त्याच्याकडे आहे.

म्हणून मी लेखनाला एकच आकडा देत नाही, पाच गोष्टींना वेगवेगळं बघते, सांगायचंय ते पोचतं का, क्रम लागतो का, वाक्य उभं राहतं का, शब्द किती आणि कसे आहेत, आणि सगळ्यात शेवटी स्पेलिंग आणि विरामचिन्हं. प्रत्येकाला एक ते चार. शेळीवाल्याला पहिल्या दोन्हीत चार मिळाले आणि तिसऱ्यात एक, आणि त्या एकवरून मला कळलं की सोमवारी त्याच्याशी काय काम आहे.

मुलं 'आय ॲम गो' असं का लिहितात? कितीदा सांगितलं तरी तेच.

कारण चुकीमागे मराठी आहे, आणि ते कळलं की राग येत नाही. मुलाने 'आय ॲम' हा एकच शब्द म्हणून शिकलाय, 'आय ॲम बॉय' पासून, मग 'मी' आलं की हात आपोआप 'आय ॲम' लिहितो. 'आय क्रिकेट प्ले' लिहिणारा मराठीचा क्रम ठेवतोय, क्रियापद शेवटी. 'अ' आणि 'द' गाळणारा मराठीत नसलेली गोष्ट गाळतोय. कॅपिटल विसरणारा पण तसाच, देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं असतात कुठे? 'डिड नॉट वेन्ट' लिहिणाऱ्या मुलीला भूतकाळ कळलाय, तिने तो दोनदा लावलाय इतकंच, ती 'डिड नॉट' सुद्धा न लिहिणाऱ्याच्या पुढे आहे. ही यादी करून ठेवा, प्रत्येक चुकीपुढे वर्गातली नावं लिहा, ज्या चुकीपुढे वीस नावं आली ती सगळ्या वर्गाला शिकवा आणि जिच्यापुढे दोन आली ती त्या दोघांना बोलावून.

सगळ्या चुका लाल पेनने दाखवायच्या का?

नाही. एका वहीत जास्तीत जास्त दोन प्रकारच्या. पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, कमी लिहिलं की कमी चुकतं हे त्याला लगेच कळतं.

स्पेलिंग फार चुकतं. काय करू?

आधी कसं चुकतं ते बघा. 'बिकॉज' जर बी-आय-के-ओ-जे असं लिहिलं असेल तर मुलाने आवाज ऐकून लिहिलंय, मराठीत असंच लिहितात, म्हणजे त्याचा कान बरोबर आहे, त्याला फक्त तो शब्द बऱ्याचदा डोळ्यांनी बघायला हवा. पण त्याच शब्दाला बी-एस-यू-के असं काहीतरी लिहिलं असेल, ज्याचा आवाजाशी संबंधच नाही, तर अक्षर आणि आवाज यांची जोडीच पक्की नाही, त्याला दहा वेळा लिहायला लावून उपयोग नाही, मागे जाऊन जोडाक्षरं जशी शिकवतो तसे एस-एच, सी-एच, टी-एच चे आवाज शिकवावे लागतात. श्रुतलेखन यासाठी उत्तम, दर आठवड्याला दहा शब्द आणि दोन वाक्यं, मार्कांसाठी नाही, हे बघण्यासाठी.

अक्षर खराब असेल तर मार्क कापायचे?

नाही. वाचता येतंय ना, पुरे.

वर्गात ६० मुलं आहेत. एकेकाला शेजारी बसवायला वेळ कुठून आणू?

हा खरा प्रश्न आहे आणि यावर कुणी सोपं उत्तर दिलं तर विश्वास ठेवू नका. मी असं करते. पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला एकदम रिकाम्या जागांचा उतारा देते, पहिलं वाक्य पूर्ण, पुढे दर सातवा शब्द गाळलेला. विल्सन टेलर यांनी १९५३ मधे ही पद्धत मांडली, क्लोझ म्हणतात. ज्याला अर्थ लागतो तोच जागा भरू शकतो. 'रन' च्या जागी 'वॉक' लिहिलं आणि अर्थ बसतो तर मी बरोबर देते. अर्ध्या तासात ६० मुलांचे ढोबळ तीन गट पडतात. मग सगळ्यात अडलेल्या गटातली मुलं आधी शेजारी बसवायची, रोज तीन, बाकीचे लिहीत असताना, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं. महिन्यात सगळा वर्ग होतो. आणि हे काम जास्तीचं नाही, आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या तपासणीला, सहावीला ५० टक्के आणि सातवीला ४० टक्के भार दिलेला आहे, त्यात तोंडी काम, उपक्रम सगळं बसतं. प्रकल्पाच्या नावाखाली चार्ट चिकटवून घेण्यापेक्षा ते मार्क इथे वापरा.

पायाभूत चाचणी, संकलित, स्कॉलरशिप हे सगळं असताना वेगळं कशाला?

त्या घ्याच, मी त्यांच्या विरोधात नाही. पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीची) आणि संकलित (सत्राच्या शेवटची) चाचण्यांत मराठी, गणिताबरोबर इंग्रजी आहे, आणि त्यातून आपल्या वर्गाचा अंदाज येतो. पण राज्यभर एकच पेपर असला की तो प्रत्येक मुलाच्या जागी खाली-वर होऊ शकत नाही. स्कॉलरशिपला इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, सगळे पर्यायी. गोल रंगवायचा. त्यात लेखन तपासलंच जात नाही, आणि चारात एक तुक्का लागू शकतो.

तोंडी परीक्षेचे मार्क तर सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात, मग काय अर्थ?

दहावीचं उदाहरण बघा. २०१९ ला भाषांचे शाळेकडचे २० गुण काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, पुढच्या वर्षी ते परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. कारणं आणखीही असतील, पण तोंडीचे मार्क म्हणजे मदतीचा हात हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांना सांगते, शाळेला सहावी-सातवीत तरी खरे मार्क द्या म्हणा, इथे कुणाचं काही अडत नाही. २० पैकी ९ मिळाले तर ९ का मिळाले ते विचारायला या.

डिस्लेक्सिया आहे का हे यातून कळतं?

नाही, आणि शिक्षकाने असं म्हणू पण नये. फक्त शंका कधी घ्यायची ते कळतं. मी त्या मुलाला मराठीचा उतारा वाचायला देते. मराठी सहज वाचतो आणि इंग्रजीला अडतो तर बहुतेक वेळा शिकवण्यात किंवा सरावात कमी पडलंय. मराठी पण अडखळत, ओळी सुटतात, तोंडी उत्तरं मात्र हुशार, असं असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग पुढचं. कधीकधी मराठी ठीकठाक आणि त्रास फक्त इंग्रजीत दिसतो असंही होतं, कारण इंग्रजीचं स्पेलिंग फार फसवं आहे, म्हणून सहा महिने नीट शिकवूनही हलत नसेल तर थांबू नका. तपासणी मुंबईत सायनसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात होते, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा सातवीत दाखवा.

आम्हाला दोघांनाही इंग्रजी येत नाही. घरी काय बघणार?

खूप काही बघता येतं. रोज पाच मिनिटं मुलाला इंग्रजी वाचायला सांगा आणि मग मराठीत विचारा, काय होतं रे त्यात? गोष्ट सांगता आली की नाही हे कळायला तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं वाचायला सांगा, ते पाठ केलेलं नसतं. आणि पुस्तकातल्या ओळींवर देवनागरी लिहिलेलं दिसलं तर रागावू नका, शाळेत येऊन सांगा.

चाचणी झाल्यावर मुलाला काय सांगायचं?

आकडा नाही सांगायचा. एक जमलेली गोष्ट आणि एक पुढची, तेवढंच. शेळीवाल्याच्या वहीत मी लिहिलं होतं, मराठीत, 'करडांचे रंग लिहिलेस म्हणून मला ती दिसली. आता प्रत्येक वाक्यात एक क्रियापद घाल आणि हेच परत लिहून आण.' त्याने परत लिहून आणलं, आणि खाली न सांगता एक वाक्य वाढवलं होतं, की पांढरं करडू आता उड्या मारतं. 'जम्प्स' ला शेवटी एस होता.